ओढ की आधार?

अंतराळस्थानकात तरंगणारी माणसं टीव्हीवर दिसली की घराघरांत एक जुना वाद सुरू होतो. काहीजण म्हणतात, तिथं गुरुत्वाकर्षण नसतं. जे भौतिकशास्त्र शिकलेले असतात किंवा शिकवतात ते लगेच दुरुस्ती करतात की असतं, आणि भरपूर असतं. दुरुस्ती करणाऱ्यांचं बरोबर आहे, यात शंका नाही. तरीही पहिल्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती या दुरुस्तीखाली गाडली जाते, असं मला फार दिवस वाटत आलं आहे. ती वर काढण्यासाठी हा संवाद. त्यातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. मामा भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक, तर भाची फिजिओथेरपिस्ट, खुब्याचं हाड मोडलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुन्हा उभं करणारी.

भाची : मामा, अंतराळवीर शुभांशु शुक्ला १५ जुलै २०२५ ला पृथ्वीवर उतरले, तेव्हा त्यांना दोन्ही बाजूंनी आधार देऊन यानाबाहेर आणलं. गेले होते जेमतेम वीस दिवस. धडधाकट वैमानिकाला आधार लागतो, कारण वर गुरुत्वाकर्षण नाही. मी माझ्या पेशंटना असंच सांगते.

मामा : तर मग आजपासून सांगू नकोस. स्थानक फिरतं साधारण ४०० किलोमीटरवर. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, तेवढंच ते आपल्या डोक्यावर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. ओढ मोजायची ती पृथ्वीच्या केंद्रापासून, आणि केंद्रापासून पाहिलंस तर ते आपल्यापेक्षा सहा टक्केच दूर आहे. अंतराच्या वर्गानं ओढ कमी होते. करून बघ हिशेब, ८८ टक्क्यांच्या वर ओढ शिल्लक राहते. समज, तेवढा उंच मनोरा बांधला आणि त्याच्या माथ्यावर वजनकाटा ठेवला. इथं ६० किलो भरणारी तू तिथं ५३ भरशील. आणि चांगली पाय रोवून उभी राहशील.

भाची : आणि माझ्या नाकासमोरून स्थानक जाईल, त्यातली माणसं मात्र तरंगत असतील?

मामा : हो.

भाची : उंची तीच, पृथ्वीची ओढ तीच. मग फरक कशाचा?

मामा : तू उभी आहेस, ती पडताहेत. न्यूटननं हे तोफेच्या गोळ्यावरून समजावलं होतं. उंच डोंगरावर तोफ ठेवायची आणि गोळा आडवा सोडायचा. कुठलीही वस्तू पहिल्या सेकंदात पाचेक मीटर खाली येते, मग ती नुसती हातातून सुटलेली असो की तोफेतून आडवी निघालेली. पृथ्वी गोल असल्यामुळे जमीनसुद्धा दर आठ किलोमीटरला साधारण पाच मीटर खाली वळते. म्हणजे गोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं सोडला, आणि हवेचा अडथळा नसला, तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून सरकेल. पडणं चालूच राहील, जमीन काही भेटणार नाही. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.७ किलोमीटरच्या आसपास आहे. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी होते.

भाची : म्हणजे १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूट-७ स्थानकावर गेले, ते जवळजवळ आठ दिवस पडतच होते?

मामा : अखंड. चंद्रही पडतोच आहे. तो पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर आहे, म्हणून तिथं पृथ्वीची ओढ ६० च्या वर्गानं, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. दर सेकंदाला तो सरळ वाट सोडून सव्वा-दीड मिलिमीटर पृथ्वीकडे झुकतो. बस, एवढ्यावर तो बांधला गेलाय. झाडाचं फळ आणि आकाशातला चंद्र यांना एकच नियम लावून न्यूटननं तो हिशेब जुळवून दाखवला आणि १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’त छापला. आता तू म्हणशील, भास्कराचार्यांनी आधीच सांगितलं होतं.

भाची : नाही का सांगितलं? आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे.

मामा : आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. बाराव्या शतकात ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांनी लिहिलं की पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे आणि जड वस्तू पडताना दिसतात त्या तिच्यामुळे. सगळीकडे सारख्याच असलेल्या अवकाशात पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठं, असंही विचारलं. हा प्रश्न विचारायला मोठी बुद्धी लागते. पण ती ओढ अंतरासोबत किती घटते आणि चंद्रालाही तीच बांधते का, हा हिशेब न्यूटननं केला. दोघांचं श्रेय दोघांना द्यावं. एकाचं काढून दुसऱ्याला दिलं की दोघंही समजत नाहीत.

इथवर मामांची बाजू पक्की आहे. शाळेच्या पुस्तकांनी हे इतकं जरी नीट सांगितलं तरी पुष्कळ झालं. पण भाचीचा मुद्दा अजून आलेलाच नाही.

भाची : बरं, ओढ ८८ टक्के आहे हे मान्य. मग तिथल्या माणसाची हाडं का झिजतात? खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. म्हाताऱ्या माणसाची वर्षभरात घटते तेवढी! रोज दोन तास पट्टे बांधून व्यायाम करतात तेव्हा कुठं ही झीज आवरते. हाडाला ८८ टक्के ओढ मिळत असती, तर झीजही त्याच बेतानं, थोडीशीच व्हायला हवी होती.

मामा : अगं, पडणाऱ्याला वजन जाणवत नाही. भास आहे तो.

भाची : हाड भासानं झिजतं का, मामा? माझं रोजचंच उदाहरण घ्या. तीन महिने अंथरुणावर पडून असलेला पेशंट. त्याच्यावर गुरुत्वाकर्षण शंभर टक्के आहे, पृथ्वीवरच झोपलाय तो. तरी त्याचे पाय वाळतात, हाडं ठिसूळ होतात. अंतराळातल्या शरीराचा अभ्यास करायलासुद्धा निरोगी माणसांना डोकं सहा अंश खाली करून कित्येक आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात. जर्मनीत कोलोनला साठ-साठ दिवसांचे असे प्रयोग झालेत. ओढ पूर्ण असून हाड झिजतंय आणि स्थानकात ८८ टक्के असूनही झिजतंय. याचा अर्थ हाडाला ओढीशी काही देणंघेणं नाही.

मामा : मग कशाशी आहे?

भाची : जमिनीशी! तुम्ही उभे राहता तेव्हा जमीन तळव्यांना वर रेटते. तो रेटा घोटा, गुडघा, खुबा, मणके असा एकेक सांधा चढत डोक्यापर्यंत जातो. हाडातल्या पेशी या दाबावर काम करतात. दाब मिळाला तर हाड बांधतात, नाही मिळाला तर मोडून टाकतात. झोपलेल्या माणसाला गादी आडवा आधार देते, पण खुब्याच्या सांध्यातून उभा दाब जात नाही. स्थानकात तर कुणीच कुणाला रेटत नाही. म्हणून मी म्हणते, शरीराच्या लेखी तिथं वजन नाही. भास नव्हे, खरंच नाही. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, खाली कुठं आहे ते मेंदूला कळवणारे. तेसुद्धा तिथं काही कळवत नाहीत, आणि निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले काही दिवस मळमळतं.

हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. आपण जन्मभर गुरुत्वाकर्षण अनुभवतो असं समजतो. प्रत्यक्षात अनुभवतो तो खुर्चीचा, पलंगाचा, फरशीचा रेटा. ओढ शरीराच्या प्रत्येक कणाला एकसारखी लागते. एकही कण दुसऱ्याला दाबत वा ताणत नाही, त्यामुळे ती जाणवायला जागाच नसते. जमीन आडवी येते आणि पडू देत नाही, तेव्हाच वरचा थर खालच्या थरावर बसतो. वजन म्हणतो ते हेच.

मामा : बरं, आता माझीही ऐक. फोन काढ तुझा. स्क्रीन उभी-आडवी झालेली ज्याला कळते तो त्वरणमापक त्यात असतो, आणि त्याचे आकडे दाखवणारं ॲप मिळतं. फोन टेबलावर स्थिर ठेव. काय दिसतंय?

भाची : ९.८.

मामा : हललासुद्धा नाही, तरी ९.८. आता पलंगावर हातभर उंचीवरून सोड. आकडे साठवून ठेवतं ते ॲप, नंतर बघ.

भाची : पडत होता तेवढा वेळ जवळजवळ शून्य! हे तर उलटंच झालं. स्थिर फोन म्हणतो मला त्वरण आहे, आणि पडणारा म्हणतो मला काहीच नाही.

मामा : इतकी वर्षं वर्गात मी हे ‘यंत्राची मर्यादा’ म्हणून सांगत आलो. तुझं ऐकून वाटतं, यंत्र तुझ्याच बाजूनं साक्ष देतंय. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आईन्स्टाईनच्या मनात हेच आलं होतं. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवत नाही. पुढं तो ही आपल्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची कल्पना मानायचा. तिथून आठ वर्षांनी सामान्य सापेक्षता उभी राहिली. तिच्या हिशेबात मोकळेपणी पडणारा तो नैसर्गिक स्थितीत असतो, आणि जमिनीवर उभ्या असलेल्याला जमीन सतत वर ढकलत असते.

भाची : म्हणजे मी जिंकले?

मामा : अर्धी. ओढ नसती तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं, पुन्हा कधी दिसलंच नसतं. वाट वाकवते ती ओढच. यान कुठं जाईल हे तुझ्या खुब्याच्या हाडावरून काढता येणार नाही.

भाची : आणि त्यात बसलेल्या माणसाचं काय होईल, हे तुमच्या ८८ टक्क्यांवरून. बरं, एक सांगा, खाली-खाली जात असेल तरच पडणं म्हणायचं का?

मामा : मुळीच नाही. चेंडू वर फेकलास की हात सुटल्या क्षणापासून तो पडणाराच. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, तिन्ही वेळा भारहीन. हवा थोडा अडथळा करते तेवढंच. पर्यटकांना शंभरेक किलोमीटरवर नेऊन आणणारी रॉकेटं असतात ना, त्यांत इंजिन बंद होताच माणसं तरंगू लागतात. तेव्हा यान वरच चढत असतं.

भाची : मग ज्याला खरोखर कुठलीच ओढ नाही, अशी जागा आहे? आदित्य-एल१ यान जिथं आहे तिथं सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ सारखी होऊन फिटते, असं वाचलं होतं.

मामा : पुष्कळांनी तसंच वाचलंय. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आणि तिथं सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या तीस पटींहून अधिक आहे. फिटणार कशी? सूर्याच्या जवळच्या कक्षेत फिरणाऱ्यानं खरं तर लवकर फेरी पूर्ण करायला हवी. तिथं पृथ्वी मागून जरा ओढून धरते, त्यामुळे त्या जागेवरच्या यानालाही पृथ्वीइतकंच एक वर्ष लागतं आणि ते आपल्या सोबतीनं राहतं. आदित्यही सूर्याभोवती पडतोच आहे. आणि आपणही.

भाची : आपण?

मामा : सूर्याची आपल्यावरची ओढ चंद्राच्या ओढीपेक्षा कितीतरी मोठी आहे. जाणवते कधी? पृथ्वी आणि आपण मिळून सूर्याभोवती पडतो, म्हणून नाही जाणवत. जाणवतो तो फक्त फरक. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला जवळ, पलीकडची दूर, त्यामुळे दोन्हीकडे ओढ थोडी वेगळी. समुद्र त्या फरकानं ताणला जातो, आणि ती भरती. सूर्य बलाढ्य असूनही फार दूर आहे, म्हणून त्याच्या ओढीतला फरक चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही फरक एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमाराला आडवे पडतात तेव्हा भांग. कोकणातला कुठलाही मच्छीमार हे पंचांगासारखं सांगेल.

भरतीचा मुद्दा पाठ्यपुस्तकात वेगळ्या धड्यात जातो, याची मला खंत वाटते. पडणाऱ्याला ओढ कळत नाही आणि ओढीतला फरक मात्र कळतो, हे एकदा ध्यानात आलं की स्थानकातला अंतराळवीर आणि कोकणातल्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरचं उधाण एकाच प्रकरणात बसतात.

भाची : आता ग्रहांकडे या. मोठा ग्रह म्हणजे जास्त वजन, एवढं तरी माझं बरोबर ना?

मामा : शनी घे. वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. तुझं वजन किती होईल?

भाची : ९५ पट नसेल, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय. पण पुष्कळ पट.

मामा : पृथ्वीवर असतं त्यापेक्षा जेमतेम थोडं जास्त. शनी नुसता फुगलेला आहे, त्याची घनता पाण्याहून कमी. तू त्याच्या ढगांच्या माथ्यावर असलीस तर केंद्रापासून पृथ्वीच्या नऊ त्रिज्यांहून लांब असशील. ९५ ला नऊ-साडेनऊच्या वर्गानं भाग, एकाच्या जवळ येतं. बुध आणि मंगळाचंही बघ. मंगळाचा व्यास ६,८०० किलोमीटरच्या आसपास, बुधाचा ४,९०० च्या. पण बुधाच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गोळा आहे, म्हणून दोघांच्या पृष्ठभागावर त्वरण जवळपास एकच, ३.७. गुरूवर मात्र २४.८, आपल्या अडीच पट.

भाची : गुरूवर? पण तिथं जमीनच नाही ना! पाय कशावर ठेवू? माझ्या हिशेबात, आधार नाही तर वजन नाही.

मामा : (थांबून) खरं आहे. ते २४.८ ढगांच्या एका ठरावीक थरावरच्या ओढीचं माप. डिसेंबर १९९५ मध्ये ‘गॅलिलिओ’ मोहिमेचं एक उपकरण गुरूच्या वातावरणात शिरलं होतं. हवेत शिरताना ते इतक्या जोरानं रोखलं गेलं की पृथ्वीवरच्या आपल्या वजनाच्या दोनशे पटींहून जास्त भार त्याच्यावर आला. पुढं पॅराशूट उघडलं आणि तासाभरानं त्याचा आवाज बंद झाला.

भाची : म्हणजे त्याला अडीच पट भार पॅराशूटनं दिला, आणि दोनशे पट हवेच्या धक्क्यानं. ओढ दोन्ही वेळा जवळपास तीच होती.

मामा : हो. पण आधाराचा हट्ट एका ठिकाणी सोडावा लागेल तुला. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरला. वस्तुमान साडेसतराशे किलोच्या घरात. चंद्राची ओढ आपल्या एक षष्ठांश, म्हणजे वजन इथल्या तीनशे किलोसारखं. हवा नाही, म्हणून पॅराशूट निकामी. उतरणीच्या सुरुवातीला त्याचा आडवा वेग सेकंदाला १.७ किलोमीटर. तो वेग मारताना इंजिनांना साडेसतराशे किलोचाच हिशेब द्यावा लागला. तिथं चंद्राची सवलत नाही. वजन जाईल येईल, पण वस्तुमान हलवायला आणि थांबवायला जेवढा जोर लागतो, तो कुठंही लागतोच.

भाची : हे मला पटतं, कारण अंतराळवीराला तोलतात तसेच. १९७३ मध्ये स्कायलॅब स्थानकावर स्प्रिंगला बांधलेली खुर्ची होती. माणसाला तीत बसवून झुलवायचं. जड माणूस सावकाश झुलतो, हलका भरभर. झोक्याच्या वेळावरून वस्तुमान काढायचं. मामा, मंगळावर जायचं झालं तर? तिथं ३८ टक्के. जायला सहा-सात महिने भारहीन, मग तिथला मुक्काम. माझ्या पेशंटच्या भाषेत, ३८ टक्के आधारावर हाड टिकेल का?

मामा : माणसाच्या बाबतीत आपल्याकडे दोनच टोकांचे आकडे आहेत, पृथ्वीवरचा पूर्ण भार आणि कक्षेतला शून्य. अंतराळवीर वलेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस ‘मीर’ स्थानकावर राहिला. चंद्रावरचा सर्वांत लांब मुक्काम अपोलो-१७ चा, तोही तीन दिवसांचा. मधल्या पट्टीवर माणूस महिनोन्महिने राहिलेलाच नाही.

भाची : उंदीर राहिलेत. जपाननं स्थानकात फिरता पिंजरा नेला. काही उंदीर तरंगत ठेवले, काही पिंजरा फिरवून पृथ्वीइतक्याच भाराखाली, ३५ दिवस. तरंगणाऱ्यांची हाडं-स्नायू झिजले, फिरणाऱ्यांचे टिकले. ओढ दोघांवर तीच होती, मामा. फरक होता पायाखालच्या भिंतीचा.

मामा : मग यानच फिरवू. पृथ्वीइतका भार हवा आणि मिनिटाला दोनच फेऱ्या घ्यायच्या, तर त्रिज्या सव्वादोनशे मीटर लागते. एवढं मोठं यान कोण बांधणार? मंगळाइतक्या भारावर भागवलं आणि चार फेऱ्या घेतल्या, तर २१ मीटरमध्ये होतं.

भाची : २१ मीटर म्हणजे डोकं आणि तळवे यांच्या भारात सात-आठ टक्क्यांचा फरक. तो शरीर सहन करेल. पण मिनिटाला चार फेऱ्या आतल्या कानाला झेपतात का, ते आधी तपासायला हवं, आणि तेही आडवं झोपवून नव्हे, चालायला लावून. मान वळवली की गरगरतं का, किती दिवसांनी थांबतं, हे मला आधी पाहायचंय. मग तुमची त्रिज्या ठरवा.